शब्द हवाय: सफरचंदाचं गोड तळण, भजी म्हणू की गुलगुले?

ठाणेकरीण
मंडळी अडलेय, मदत करा. माझी मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिच्या हिब्रू वहीतल्या खानुकाच्या कृती मी मराठीत उतरवतेय, आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपसाठी. (आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळ रायगडातले, आता ठाण्यात.) पदार्थाचं नाव 'लेविवोत तापुखिम'. सफरचंदाचा मधला गाभा काढायचा, अर्ध्या बोटाच्या जाडीच्या चकत्या करायच्या, सरसरीत पिठात बुडवून तेलात सोडायच्या, वरून दालचिनी नि पिठीसाखर. मी सरळ 'सफरचंदाची भजी' लिहिलं तर आई म्हणे, भजी गोड असतात का कधी, लोक चटणी मागतील. मग 'गुलगुले' केलं, तर मावशी फोनवर हसत सुटली, गुलगुल्यात फळ दिसतं का गं? आता काय लिहू? 'तळलेली सफरचंदं' लिहिलं तर दवाखान्यातलं जेवण वाटतंय.

तळणमास्तर
भजीच. नाव कृतीवरून पडतं, चवीवरून नाही. काप केला, पिठात बुडवला, तळला, झाली भजी. पिकल्या केळ्याची भजी गोडच लागतात की, लग्नाच्या पंगतीत जिलबीशेजारी वाढलेली खाल्लीत आम्ही, कुणी चटणी मागितली नाही.

ठाणेकरीण
पण केळ्याच्या भज्यांना बेसन असतं नि मीठ-हळद असते, गोडी फक्त केळ्याची. इथे मैदा, अंडं, साखर.

शब्दवेडा
मास्तरांचं बरोबर, फक्त कारण वेगळं. मुळात संस्कृत भृज्ज् धातू, भाजणे हा. त्यातूनच भाजणे, भाजणी, भाजी, भजी सगळी पिलावळ. म्हणजे शब्दात तिखटपणा कुठेच नाही, नुसता विस्तव आहे. बाकी एकच विनंती, 'एक भजी' लिहू नका. एक भजं, अनेक भजी. नपुंसकलिंगी शब्द आहे, मुंबईने त्याची बाई केली.

वऱ्हाडी ठेचा
झालं सुरू. आमच्याकडे भजेच म्हणतात, "चार भजे दे", आणि सगळ्यांना समजतं. भजी म्हटलं की आमची आजी विचारायची, कोन्त्या देवाला भजी? आणि गुलगुलेच लिहा हो ताई, गोड म्हटलं की गुलगुले. कणीक, गूळ, बडीशेप, तेलात सोडला की टम्म गोळा. त्यात केळं कुस्करा नाहीतर सफरचंद किसून घाला, कोण अडवतंय?

ठाणेकरीण
अहो किसायचंच नाहीये ना, तीच तर गंमत आहे. चावल्यावर आत आख्खी चकती लागली पाहिजे, थोडी आंबट, अर्धवट शिजलेली. मधलं भोक पण दिसलं पाहिजे.

मांडवीकाठ
गोव्यात फिलोस करतात, पिकलं केळं कुस्करून मैदा नि गूळ. शब्द पोर्तुगीज फिल्योशवरून आलाय, तिकडेही तो नाताळातला तळलेला गोड पदार्थच. म्हणजे डिसेंबर, तेल, गोड, तिन्ही जुळतं. पण हेही कुस्करलेलंच, तेव्हा तुमच्या कामाचं नाही, उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

शब्दवेडा
ताई 'चकती' बरोबर वापरलात त्याबद्दल आभार, नाहीतर आजकाल लोक सफरचंदाचे 'स्लाइस' करतात. फोड म्हणजे उभी, देठापासून खाली. काप आडवा किंवा तिरका, बटाट्याचे असतात तसे. चकती म्हणजे गोलच. आणि सफरचंद या शब्दातही मेख आहे. अरबीत 'सफरजल' म्हणजे बिही, नासपतीसारखं एक फळ, गुजरातीत त्याचं 'सफरजन' झालं नि ते सफरचंदाला चिकटलं. आपला शब्दही त्याच घरचा असणार, चंद्राचा काही संबंध नाही. म्हणजे मुळात आपण दुसऱ्याच फळाचं नाव वापरतोय.

ठाणेकरीण
हिब्रूतही असंच काहीतरी आहे! बायबलमधला 'तापुआख' नक्की कुठलं फळ यावर वाद घालतात, कुणी सफरचंद म्हणतं, कुणी बिही, कुणी जर्दाळू. आणि बटाटा म्हणजे 'तापुआख अदामा', जमिनीतलं सफरचंद. त्यामुळे पहिल्यांदा वही वाचताना मी अर्धं पान बटाटा समजून केलं आणि मग दालचिनी आली. संत्र्याचं 'तापुझ' पण 'तापुआख झहाव' म्हणजे सोन्याचं सफरचंद, त्याचं आखडून झालेलं.

ज्ञानेश्वरी पेठ
ते 'खानुका' काय? मराठीत हनुक्का लिहितात. ज्यूंची दिवाळी म्हटलं की सगळ्यांना कळतं.

रेवदंडा
'ज्यूंची दिवाळी' नको प्लीज. दिवे लागतात म्हणून दिवाळी म्हणायचं तर बर्थडेलाही मेणबत्त्या असतात. हा तेलाचा सण आहे. इ.स.पू. 164 मध्ये यरुशलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं तेव्हा एका दिवसाचं तेल आठ दिवस पुरलं अशी कथा, म्हणून आठ दिवस दिवे आणि म्हणून तळण. उच्चार खानुकाच, मात्र ख आपला नाही, घसा खाकरल्यासारखा.

मला वाटतं मूळ अडचण इथेच आहे. आमच्या सगळ्या जुन्या सणांना मराठी नावं आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण (हा पुरीम). खानुकाला नाही. कारण परंपरेप्रमाणे आमचे पूर्वज हे सगळं घडायच्या आधीच निघाले, नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, आणि हा सण त्यांना ठाऊकच नव्हता. पुढे बऱ्याच शतकांनी बाहेरच्या ज्यूंशी गाठ पडली तेव्हा कळला. सणच उशिरा आला, मग त्याच्या पदार्थाला घरचा शब्द कुठून असणार? आणि गंमत बघा, कोकणात आमची ओळख काय होती? शनवार तेली! शनिवारी घाणा बंद ठेवणारे. गावभराचं तेल आम्ही गाळायचो आणि तेलाचाच सण आम्हाला माहीत नव्हता.

तळणमास्तर
वा, हे माहीत नव्हतं.

वऱ्हाडी ठेचा
मग 'तेल्याचे भजे' म्हणा.

शब्दवेडा
भजी.

वऱ्हाडी ठेचा
भजे. 😀

ठाणेकरीण
रेवदंडा, डोळ्यात पाणी आणलंत. पण मला अजून शीर्षक हवंय हो. लेविवा या शब्दाचा वापर करू का तसाच? बायबलमधल्या शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात तामार भावासाठी लेविवोत करते, तेव्हा कणीक मळून करते, म्हणजे तेव्हा ती पोळी नाहीतर दशमीसारखं काहीतरी असणार. आज लेविवोत म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले चपटे वडे. म्हणजे त्यांचाही शब्द पोळीपासून वड्यापर्यंत सरकलाय, मग आपणच का एवढे अडून बसतोय.

ज्ञानेश्वरी पेठ
परभाषेतला शब्द तसाच घेतला तर मराठी मरेल. 'फलतळण' कसं वाटतं?

तळणमास्तर
फलतळण ऐकलं की फलटण आठवतं. ताई, नावाचं राहू दे, एक सांगतो, चकत्या फडक्याने नीट कोरड्या करा आणि आधी कोरड्या मैद्यात घोळवा, मग पिठात बुडवा. नाहीतर सफरचंदाला पाणी सुटतं, पीठ झग्यासारखं गळून कढईत राहतं आणि नागडी चकती वर येते. मागच्या वर्षी अननसाची केली होती, तीन घाणे वाया गेले. आणि घोळवणे कोरड्यात, बुडवणे ओल्यात, हाही फरक लिहिताना पाळा. पिठात दूध आहे का?

ठाणेकरीण
नारळाचं दूध. गाईचं घातलं तर मटणाच्या जेवणानंतर खाता येत नाही, आमच्याकडे दूध नि मांस एकत्र चालत नाही ना. मावशी तिकडे डब्यातलं नारळाचं दूध आणते.

रेवदंडा
नारळाचं दूध घातलं म्हणजे पदार्थ कोकणी झाला. आता तर भजीच म्हणा.

मांडवीकाठ
मग फिलोस का नको? 😄

ठाणेकरीण
आत्ताच मावशीला फोन करून विचारलं, तुम्ही मैत्रिणी आपसात मराठीत काय म्हणता याला? म्हणाली, "आम्ही काय म्हणणार, आता बेकरीतून सुफगानियोत आणतो, जॅम भरलेले. ती वही तुझ्या आजोबांच्या वेळची आहे." आणि मग आपसूकच पुढे, "पण भजी केलीस तर फोटो पाठव." भजी म्हणाली हां, मी सुचवलं नव्हतं. आई शेजारीच बसली होती, तिला अजून पटलेलं नाही.

शब्दवेडा
मावशी 'केलीस' म्हणाल्या म्हणजे स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी अनेकवचन, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

तळणमास्तर
नारळाचं दूध पातळ की दाट? पहिलं की दुसरं?