मदत हवी आहे: सिकंदराबादला पोस्टिंग, यापराळ की सैनिकपुरी?

नमस्कार मंडळी. मिस्टर लष्करात आहेत, जूनमध्ये त्यांना सिकंदराबाद छावणीतल्या त्रिमुलघेरीला हजर व्हायचंय. सरकारी क्वार्टरची वेटिंग मोठी आहे, म्हणून निदान वर्षभर बाहेर दोन बेडरूमचं घर घ्यावं लागेल. घर बघायला जेमतेम तीन दिवस आहेत. यापराळ, सैनिकपुरी, अलवाल आणि नेरेडमेट एवढंच बघायचं ठरवलंय.

पहिला प्रश्न पाण्याचा. जाहिरातीत 'मंजिरा' लिहिलेलं असतं, म्हणजे नळाचं पाणी. पण ते किती दिवसांआड येतं आणि एप्रिल-मेमध्ये बोअर आटल्यावर टँकरचे पैसे मेंटेनन्समध्येच धरतात की वेगळे? घर बघायला दुपारी गेलं की टाकी भरलेली दिसते आणि काहीच कळत नाही, म्हणून तिथे राहणाऱ्यांनीच सांगा.

दुसरं, कॅन्टोन्मेंटमधल्या कोणत्या रस्त्यांची गेटं रात्री बंद होतात? नकाशावर चार किलोमीटर दिसणारं अंतर वळसा घालून किती पडतं? पहाटे पीटीला निघणाऱ्याला तेच महत्त्वाचं.

करारनामा अकरा महिन्यांचा करू, पण त्यात 'बदलीचा लेखी आदेश दाखवल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल, डिपॉझिट कापलं जाणार नाही' हे कलम हवंच. तिथले मालक हे मान्य करतात का? घरभाडे भत्त्यासाठी क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला युनिटमधून घेणार आहोत, ती काळजी नाही.

आणि हो, सामानाच्या काळ्या पेट्या (बदलीत नेतात त्या मोठ्या ट्रंका) चोवीस आहेत. तळमजला किंवा मोठी लिफ्ट, आणि गल्लीत ट्रक वळेल एवढी जागा असलेली सोसायटी कुणाला माहीत आहे का?