मदत हवी आहे: स्वीडनमधल्या लुडविका गावात ऑगस्टच्या आत भाड्याचं घर

नमस्कार मंडळी,

मी मूळचा नाशिकचा. मार्चपासून नोकरीसाठी स्वीडनच्या दालार्ना भागातल्या लुडविकात आहे. काम एचव्हीडीसीचं, म्हणजे उच्च दाबाच्या डीसी विजेच्या लाईनींचं. आपल्याकडे चंद्रपूर-पडघे लाईनवर काम केलेल्यांना या गावाचं नाव नक्की माहीत असेल. १९५४ साली गोटलंड बेटाला डीसी वीज नेली, ती याच गावातल्या लोकांच्या कामातून. गाव लहान, आजूबाजूच्या वस्त्या धरून सव्वीस हजारांच्या आसपास माणसं. त्यात कंपन्यांत भरती जोरात आणि घरं मात्र होती तेवढीच.

सध्या एका आजीबाईंच्या घरात वरच्या मजल्यावरची एक खोली घेऊन राहतोय. आजी फार प्रेमळ आहेत, तक्रार काहीच नाही. पण मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म वाजतो, म्हणून मी तीन महिने फोडणीशिवाय वरण खातोय. माझं एकट्याचं चालून जाईल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बायको आणि सहा वर्षांची लेक येतायत. इथे सहाव्या वर्षी शाळा सक्तीची आहे आणि ती ऑगस्टच्या मध्यात सुरू होते. त्या खोलीत तिघांनी राहणं शक्य नाही.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. नगरपालिकेच्या घरांची कंपनी, लुडविकाहेम, तिथे आल्या आल्या नाव नोंदवलं. पण रांग दिवसांवर चालते आणि माझ्या खात्यात जेमतेम नव्वद दिवस. दोन-तीन खासगी घरमालकांना मेल केले, उत्तर नाही.

मे महिन्यात एक जाहिरात सापडली. तीन खोल्या, भाडं परवडणारं, मालक म्हणे कामानिमित्त परदेशात, दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं की चावी कुरिअरने येईल. बँकेचं पान उघडून रक्कमही टाकली होती. शेजारी बसणारा सहकारी फोटो बघत होता, तो म्हणाला, "स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा प्लग बघ." सॉकेट तीन चौकोनी भोकांचं, इंग्लंडमध्ये असतं तसलं. इथे दोन गोल भोकांचं असतं. पैसे वाचले, पण दोन रात्री झोप लागली नाही.

आता हातात एकच पर्याय आहे. पंधरा किलोमीटरवर ग्रेंगेसबेर्गला तीन रूमचं घर, आंद्राहान्द (म्हणजे मूळ भाडेकरूकडून पुढे भाड्याने), एक वर्षासाठी, फर्निचरसकट महिना ९,८०० क्रोनर. घर मी स्वतः आत जाऊन पाहिलंय, स्वच्छ आहे, खाली तळ्याकडे जाणारी पायवाट आहे, लेकीला आवडेल. अडचण अशी की तो गृहस्थ म्हणतो, घरमालकाला तोंडी सांगितलंय, कागद कशाला. आणि त्या पत्त्यावर आम्ही आमची नावं नोंदवायची नाहीत.

घ्यावं का? की अजून थांबावं? जाणकारांनी सांगावं. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

मी वेस्टेरोसला बारा वर्षं आहे, आधी तीन वर्षं फागेर्स्टात काढली. स्पष्ट सांगते, या अटींवर घेऊ नका.

पत्त्याची अट सर्वांत वाईट. तुमच्या पत्नीला आणि लेकीला पर्सननुमर (इथला ओळख क्रमांक) मिळायचा तर स्काटेवेर्केटमध्ये (कर खात्यात, रहिवासी नोंद तेच करतं) खऱ्या पत्त्यावर नोंद व्हायला हवी. त्याच्याशिवाय बँक खातं उघडणं अवघड, बँक-आयडी (ऑनलाइन ओळखपत्र) नाही आणि बँक-आयडीशिवाय इथे पान हलत नाही. दुसऱ्याच कुणाच्या पत्त्यावर नोंद केली तर २०१८ पासून तो गुन्हा आहे. जो राहतो त्याने तिथेच नोंद करायची, मूळ भाडेकरू ती अडवू शकत नाही.

दुसरं, पुढे भाड्याने द्यायला घरमालकाची परवानगी लागते. मालक नाही म्हणाला तर तो माणूस भाडे न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, नोकरी किंवा शिक्षणासाठी बाहेरगावी जाणं हे तिथे चालणारं कारण आहे. कारण खरं असेल तर तो लपवतोय कशाला? परवानगीशिवाय दिलं आणि मालकाला कळलं, तर त्याचा करार जाऊ शकतो आणि तुम्ही लेकीला घेऊन भर थंडीत रस्त्यावर.

भाड्याचंही विचारा. भाड्याचं घर पुढे देताना मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, फर्निचर असेल तर वर फार तर १५ टक्के. मूळ भाडं समजा ७,६०० असेल तर ८,७४० च्या वर जायला नको. त्याची भाड्याची पावती मागा. दाखवत नसेल तर काय ते समजा.

प्रतिसाद २

ताईंशी सहमत. थोडी भर घालतो, मी लुडविकातच आहे.

ग्रेंगेसबेर्ग हे गाव वाईट नाही. खाण १९८९ मध्ये बंद झाल्यावर माणसं गेली, पण ते लुडविका नगरपालिकेतच येतं, त्यामुळे शाळेसाठी कचेरी बदलत नाही. स्मेडयेबाकेनही तेवढ्याच अंतरावर, पण ती नगरपालिका वेगळी. म्हणजे शाळा वेगळी आणि रांगही वेगळी! तिथल्या नगरपालिकेच्या घरांच्या कंपनीत, बॅर्केहुसमध्ये, आजच नाव घाला, तिथून वेस्टेरोसच्या गाडीने लुडविकाला येता येतं. पत्नीचंही स्वतंत्र नाव घाला, ज्याच्या नावावर घर लागेल त्याचं खरं.

मेलचा नाद सोडा. खासगी मालकांना सकाळी फोन करा, स्वीडिशमध्ये दोन वाक्यं पाठ करून: कुठे काम करता, किती जण येणार, कधीपासून घर हवं. किराणा दुकानाच्या दारातले सूचनाफलक बघा, वयस्क लोक तळमजल्यावरचं घर तिथेच चिकटवतात. आजीबाईंनाही सांगा. त्यांच्या वयाच्या लोकांमध्ये कुणाचं घर रिकामं होतंय हे आधी कळतं. मला माझं घर असंच मिळालं, शेजाऱ्याच्या काकूंमुळे.

कंपनीच्या एचआरला लेखी विचारा, तात्पुरत्या सदनिका आहेत का. तोंडी विचारून उपयोग होत नाही.

आणि जाहिरातीत "२ रूम" म्हणजे आपला वन बीएचके हे लक्षात ठेवा, हॉल त्यात मोजतात. तिघांना ते चालतं. तुम्ही तीनच खोल्यांच्या मागे असाल तर निम्मी घरं तुम्ही बघतच नाही आहात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. "२ रूम"चं मला खरंच माहीत नव्हतं, मी त्या सगळ्या जाहिराती सोडून देत होतो.

ग्रेंगेसबेर्गच्या माणसाला काल लिहिलं: घरमालकाची लेखी परवानगी आणि भाड्याची पावती दाखवा, आमची नावं पत्त्यावर लागतील, मग लगेच सही करतो. त्याचं उत्तर आलं, दुसरा भाडेकरू मिळालाय. वाईट वाटलं, कारण लेकीला त्या पायवाटेचे फोटो पाठवले होते.

आजीबाईंना आज संध्याकाळी सांगितलं. त्यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि लगेच फोन उचलला. त्यांच्या चर्चमधल्या एका बाईंची बहीण वृद्धाश्रमात गेली, तिचं स्मेडयेबाकेनमधलं दोन रूमचं घर रिकामं होतंय, मालक खासगी आहे. मंगळवारी संध्याकाळी सहाला बघायला जायचं ठरलंय, आजीसुद्धा बरोबर येतायत.

करार थेट मालकाशी आहे का, भाड्यात हीटिंग आणि पाणी धरलंय का, कपडे धुण्याच्या सामायिक खोलीच्या वेळा आणि तळघरातली सामानाची खोली, एवढं लिहून ठेवलंय. हिवाळ्याच्या दृष्टीने अजून काय बघावं? खिडक्या दुहेरी काचांच्या की तिहेरी, हे नुसतं बघून ओळखता येतं का?