माइंडफुलनेस: रुग्णाशी बोलताना काय म्हणावं?

टिळकवाडीची फिजिओ
बेळगावात एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात काम करते. अर्धांगवायू, मणक्याची दुखापत, खुब्याचं ऑपरेशन झालेली मोठी माणसं असतात. व्यायामाआधी दहा मिनिटं त्यांना माइंडफुलनेस शिकवतो. उताणं पडायचं, पायाच्या बोटांपासून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. गार, जड, बधिर, जे जाणवेल ते तसंच बघायचं; काहीच जाणवलं नाही तर तेही. दुखणं यानं पळत नाही, पण दुखेल या धास्तीनं अंग आखडून घेणं बऱ्याच जणांचं कमी होतं.

याचं एक पान मराठीत करतेय. 'सावधानता' लिहिलं होतं. परवा खानापूरकडच्या निवृत्त जवान काकांना म्हटलं, "आता श्वासाकडे सावधान राहा." पडल्या पडल्या त्यांचा चांगला पाय ताठ झाला, चांगल्या हाताची मूठ मांडीला लागली आणि श्वास रोखला गेला. माझी कन्नड सहकारी म्हणाली, "सावधान म्हणजे सावकाशच की, मग हे असं का करतात?" कन्नडमध्ये तो शब्द खरंच शांतपणे, घाई न करता असा वापरतात. मग मराठीत काय लिहू?

जुनी वही
शब्द बदलू नका, समजावून सांगा. स + अवधान, म्हणजे अवधानासह. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे 'अवधान' मागतात, आणि ते काही कुणाला टाचा जुळवायला सांगत नव्हते. ताठपणा परेडनं आणला. कन्नडनं जुना अर्थ आपल्यापेक्षा चांगला जपला असं मला वाटतं. 'अवधान' लिहा.

खडेबाजार
माझ्या आईला अर्धांग झालंय, शाळा चौथीपर्यंत. 'अवधान' म्हटलं तर तिला 'व्यवधान' ऐकू येईल. साधं 'लक्ष' का नको? फक्त 'लक्ष ठेवा' म्हणू नका. आम्हाला तसंच सांगितलं होतं, तर ती रात्रभर त्या पायाची राखण करत जागी राहिली. 'लक्ष द्या' म्हणा. एका क्रियापदाचा फरक आहे, पण आजारी माणसाला तो फार मोठा.

सति
माइंडफुलनेसचं मूळ म्हणजे बौद्ध ग्रंथांतला पाली शब्द 'सति', संस्कृत 'स्मृती'. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 मध्ये त्याला इंग्रजीत 'माइंडफुलनेस' केलं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला, तिथून आठ आठवड्यांचा हा अभ्यासक्रम जगभर गेला. आमच्या घरी लहानपणापासून 'सम्यक स्मृती' म्हणतात. मराठीत शब्द असताना नवा कशाला घडवायचा? निदान पानावर मूळ तरी सांगा.

टिळकवाडीची फिजिओ
मूळ नक्की सांगेन. पण मेंदूला मार लागलेल्या माणसाला 'स्मृती' म्हटलं की आपली आठवण तपासतायत असं वाटतं. मागं एक आजी "आज वार कुठला" हे आधीच घोकून आल्या होत्या.

निपाणीची लेक
मी 'देहभान' सुचवतो. मामा बारा वर्षं वारीला जातात, गुडघा बदलल्यावर त्यांना हाच शब्द पटकन कळला.

जुनी वही
वारकऱ्याला देहभान हरपायचं असतं, आणायचं नसतं! कीर्तनात देहभान विसरला हे कौतुक आहे. उलट दिशेचा शब्द आहे हा. आणि 'मी सुचवते' असं लिहावं.

निपाणीची लेक
आमच्याकडं बायका 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, आजीपासून. ती चूक नाही, आमची बोली आहे. आणि मामांनी स्वतः सांगितलं, "भजनात विसरतो, इथं आठवायचं." त्यांना उलटं वाटलं नाही.

हुक्केरीकर
मला वेगळंच खटकलं. पानावर 'पुनर्वसन विभाग' छापणार का? हिडकल धरणात आमचं गाव गेलं. वडिलांच्या तोंडी पुनर्वसन म्हणजे प्लॉट, मोबदला, कचेरीच्या खेपा. पडून कंबर मोडल्यावर त्यांना "तुमचं पुनर्वसन करायचंय" म्हटलं, तेव्हा ते मला विचारत होते, "आता घरातनं कुठं नेताय?" दोन दिवस जेवले नाहीत. कन्नड 'पुनर्वसती'नंही तेच होतं.

खडेबाजार
हे खरं आहे. 'सावरणं' म्हणता येईल.

जुनी वही
'सावरणं' विभागाच्या नावात बसत नाही. सरकारी परिभाषेत पुनर्वसन रुळलंय.

हुक्केरीकर
परिभाषेत रुळलंय, आमच्या घरात नाही.

टिळकवाडीची फिजिओ
वरचं नाव बदलायला वरिष्ठांना विचारावं लागेल, उद्या विचारते. आज त्या जवान काकांना काहीच नाव न सांगता पायापासून सुरुवात केली. झाल्यावर म्हणाले, "निवांत बघितलं की सगळं." 'निवांत' माझ्या कन्नड सहकारीलाही समजतं.

जुनी वही
निवांत म्हणजे विसावा. त्यात 'बघणं' कुठं आलं? तुमचा रुग्ण झोपून जाईल.

निपाणीची लेक
काका 'निवांत बघितलं' म्हणाले. दोन्ही शब्द घ्या की.

हुक्केरीकर
वरिष्ठ काय म्हणाले ते इथं नक्की लिहा. वडिलांना पुढच्या सोमवारी परत आणायचंय.