मदत हवी आहे: जिप्सीचं १.३ इंजिन बांधतोय, कॉम्प्रेशन रेशो १०.५ ठेवू की ११?

घाटवाट_१३:
नमस्कार मंडळी. जिप्सी किंगचं १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन पूर्ण उघडलंय. गाडी पुण्यात असते. वापर निम्मा रोजचा, निम्मा ऑटोक्रॉस आणि घाटातला. टर्बो लावायचा नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलतोय, स्टँडअलोन ईसीयू (इंजिनाचा स्वतंत्र कॉम्प्युटर) येतोय, नॉक सेन्सर (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकतं ते ओळखणारा) सध्या नाही. पेट्रोल पंपावरचंच.

मोजमापं अशी:
स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४, आता ०.५० ओव्हरसाइज म्हणून ७४.५ मिमी. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५.५ मिमी. कनेक्टिंग रॉड मधल्यापासून मधल्यापर्यंत १२० मिमी.
हेडचा चेंबर (मिश्रण पेटतं ती पोकळी) ब्युरेटने मोजला, चारही २९.० ते २९.३ सीसीमध्ये, सरासरी २९.२. हेडला याआधी फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) झालेलं नाही.
ब्लॉक आणि हेडमधलं जुनं गॅस्केट १.२ मिमी, त्याच्या रिंगचा आतला व्यास ७६ मिमी.
पिस्टन टीडीसीला (सर्वांत वर असताना) ब्लॉकच्या पृष्ठभागाखाली सरासरी ०.३० मिमी.
पिस्टनचं डोकं जवळपास सपाट.

गणित केलं (पिस्टन तळाशी असतानाची जागा भागिले वर असतानाची) तर आहे त्या स्थितीतच रेशो १०.१५ येतोय. मशीन शॉपवाला म्हणतो हेडला अर्धा मिमी मारू (घासून कमी करू), म्हणजे साडेदहाच्या वर जाल. ११ पर्यंत ताणावं का? आणि कॅमच्या हिशेबाने रेशो कसा ठरवायचा?

मायक्रोमीटर:
हेड अजून मशीनवर चढवू नका. तुमच्या बेरजेत कुठेतरी साडेचार सीसी हरवलेत.

मॅन्युअलमध्ये या इंजिनाचा रेशो ९.० आहे. ७४ च्या बोअरला एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम (पिस्टन वर-खाली होताना व्यापतो ती जागा) ३२४.७ सीसी. त्याला ८ ने (रेशो वजा १) भागलं की टीडीसीला वर उरणारी जागा ४०.६ सीसी यायला हवी. तुमची बेरीज: चेंबर २९.२, गॅस्केट ५.४४, डेकची फट (पिस्टन ब्लॉकखाली राहतो ती) १.३१. एकूण ३५.९५. हेड कंपनीचं, गॅस्केट कंपनीचं, मग कंपनीचा रेशो १० कसा निघेल? उरलेली जागा पिस्टनच्या डोक्यात आहे. ते 'जवळपास सपाट' म्हणालात ना, ते 'जवळपास' मोजा.

पद्धत साधी आहे. पिस्टन रिंगांसह बोअरमध्ये बसवा आणि टीडीसीपासून खाली आणा. डेप्थ मायक्रोमीटरने पिस्टनची सपाट कड ब्लॉकखाली बरोबर १०.०० मिमी आली पाहिजे. खळग्यात मोजू नका, कडेवरच मोजा. पिस्टन आणि बोअरच्या मधल्या फटीत पातळ ग्रीस भरा, जास्तीचं बोटाने पुसून घ्या. वर ग्रीस लावून अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी दाबा, तिला कडेला ५-६ मिमीचं छिद्र. ब्लॉक किंचित तिरका ठेवा, छिद्र सर्वांत उंच बाजूला, म्हणजे हवेचा बुडबुडा तिथून निघून जाईल. आता ब्युरेटने रॉकेल किंवा रंगीत स्पिरिट भरा. पाणी नको, कडेला चिकटून आकडा फसवतं, वर लायनरला गंज.

७४.५ चा बोअर, १० मिमी खोली: नुसतं सिलिंडर ४३.६ सीसीचं. त्यापेक्षा जे जास्त मावेल ते पिस्टनच्या खळग्याचं. तीनदा मोजा. तिन्ही आकडे ०.२ सीसीच्या आत नसतील तर कुठेतरी गळतंय किंवा बुडबुडा अडकलाय.

घाटवाट_१३:
आज केलं. ४८.४, ४८.४, ४८.३. म्हणजे खळगा ४.८ सीसीचा! डोळ्याला दिसतही नाही राव, बशीसारखा सपाट आहे.

मग खरा रेशो काय?

मायक्रोमीटर:
२९.२ + ४.८ + ५.४४ + १.३१, शिवाय वरच्या रिंगच्या वर पिस्टनभोवती जी बारीक गोल फट राहते तिचे साधारण ०.२५. एकूण ४१.०. नवं स्वेप्ट व्हॉल्यूम ३२९.१. रेशो ९.०३. कंपनीच्या आकड्याच्या शेजारी येऊन बसला, म्हणजे आता मोजमापावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

एक लक्षात घ्या, या टप्प्यावर अर्धा सीसी इकडेतिकडे झाला तर रेशो ०.१ ने हलतो. चेंबर मोजताना जो स्पार्क प्लग वापरणार आहात तोच, त्याच्या वॉशरसह, बसवलेला हवा. व्हॉल्व्हच्या सीटवर ग्रीसचा पुसट हात पुरे; लोणी लावल्यासारखं लावलंत तर तेच चेंबर खातं.

लॅम्ब्डा_०८८:
आता '१०.५ की ११' यावर. आदर्श ऑटो सायकलच्या सूत्राने ९ वरून १० वर गेलात तर कार्यक्षमता साधारण ३ टक्क्यांनी वाढते. १० वरून १०.५ वर गेलात तर जेमतेम १.३ टक्के. ८० घोड्यांच्या इंजिनात हा शेवटचा अर्धा म्हणजे एक घोडा. त्या एका घोड्यासाठी नॉकमुळे इग्निशन (ठिणगीची वेळ) ४-५ अंश मागे घ्यावं लागलं तर ज्यासाठी आटापिटा केला ते सगळं परत गेलं, वर पिस्टनच्या रिंग लँड (दोन रिंगांमधली कड) फुटण्याचा धोका. तुमच्याकडे नॉक सेन्सर नाही. ११ विसरा.

कॅमचं म्हणाल तर स्टॅटिक रेशो हा पूर्ण स्ट्रोक धरून काढतात, पण इनटेक व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पिस्टन वर येत असतो आणि काहीही दाबलं जात नसतं. म्हणून व्हॉल्व्ह बीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत खाली आल्यानंतर) किती अंशांनी बंद होतो ते कॅमसोबतच्या कार्डवर बघा. तुमच्या रॉड-स्ट्रोकला ४८ अंशांवर बंद झाला तर उरलेला स्ट्रोक ६६.३ मिमी, ६० अंशांवर झाला तर ६१.२ मिमी. स्टॅटिक १०.० धरला तर पहिल्या कॅमला डायनॅमिक रेशो (या उरलेल्या स्ट्रोकवरून काढलेला) ८.९ आणि दुसऱ्याला ८.३. तेच हेड, तेच पिस्टन, फक्त कॅम वेगळा.

पंपाच्या पेट्रोलवर, ॲल्युमिनियमच्या चार व्हॉल्व्ह हेडला, नॉक सेन्सरशिवाय मी डायनॅमिक ८.० ते ८.३ च्या वर जाणार नाही. हा काही निसर्गनियम नाही, पण उन्हाळ्यात कोकणात उतरलात तरी झोप लागेल असा आकडा आहे.

कार्डवरचे अंश कुठल्या लिफ्टला (व्हॉल्व्ह किती उघडा असताना) दिलेत ते मात्र विचारून घ्या. १ मिमी लिफ्टला दिलेला '४० अंश' आणि व्हॉल्व्ह खरंच सीटवर टेकतो तो कोन यांत १५-२० अंशांचा फरक सहज असतो. १ मिमीचा आकडा सूत्रात घातलात तर डायनॅमिक रेशो उगाच मोठा दिसेल आणि तुम्ही नको तिथे भ्याल.

घाटवाट_१३:
विचारलं. ०.१५ मिमी लिफ्टला ६० अंश आहे.
म्हणजे १०.० धरू? तर मग ४१.० वरून ३६.६ सीसीवर यायचं, ४.४ सीसी कमी. हेडला किती मारावं लागेल?

जुनं_लेथ:
थांबा हो. सगळे आधी हेडच का घासायला निघतात कळत नाही.

तुमचा पिस्टन ०.३० खाली आणि गॅस्केट १.२, म्हणजे टीडीसीला पिस्टनची कड आणि हेडचा सपाट भाग यांत दीड मिमी फट. या फटीचं काम असतं शेवटच्या क्षणी कडेचं मिश्रण पिळून मधे प्लगकडे ढकलायचं. दीड मिमीला ती पिळत नाही, नुसतं मिश्रण कडेला साठवून ठेवते. तेच शेवटी आपोआप पेटतं आणि इंजिन ठोकतं. हेड घासलंत तर रेशो वाढेल, फट दीडचीच राहील. दुखणं तसंच ठेवून ताप वाढवल्यासारखं.

आधी फट ०.९ ते १.० वर आणा. त्यात रेशो आपोआप वाढेल आणि ठोकण्याचं भय कमी होईल. ०.८ च्या खाली मात्र नको; वरच्या आरपीएमला रॉड ताणतो, पिस्टन डुलतो आणि हेडला मुका घेतो.

ब्लॉक फेसिंगचे दोन मुद्दे. हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत कास्ट आयर्नचे लायनर. कटर धातूवरून धातूवर जाताना लायनर किंचित वर राहतो, तेव्हा शेवटचा कट हलका घ्यायला सांगा आणि स्ट्रेट एजखाली फिलर गेज घालून बघा. दुसरं, 'सरासरी ०.३०' मला नको. चारही आकडे द्या.

घाटवाट_१३:
पहिल्यापासून: ०.२६, ०.३०, ०.३१, ०.३५. डायल गेजने, पिस्टन पिनच्या रेषेत मोजले.

जुनं_लेथ:
पिनच्या रेषेत मोजलंत हे उत्तम, नाहीतर पिस्टन डुलून पाच-दहा शतांश मिमी कुठेही जातात.

आकडे एका बाजूला उतरते दिसतात. पहिल्याचा पिस्टन रॉडसकट चौथ्यात आणि चौथ्याचा पहिल्यात घालून परत मोजा. आकडा पिस्टनबरोबर फिरला तर दोष रॉडच्या लांबीत किंवा पिनच्या उंचीत. आकडा सिलिंडरलाच चिकटून राहिला तर ब्लॉकचा पृष्ठभाग क्रँकला समांतर नाही.

घाटवाट_१३:
सिलिंडरला चिकटला.

जुनं_लेथ:
मग ब्लॉक मेन बेअरिंगच्या मध्यरेषेवरून बांधून फेसिंग करायला सांगा, खालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेवरून नाही. एका टोकाला ०.२१ जाईल, दुसऱ्या टोकाला ०.३०. चारही ०.०५ वर येतील. गॅस्केट मल्टी-लेयर स्टीलचं, दाबल्यावर ०.९. फट झाली ०.९५. या गॅस्केटला पृष्ठभाग जुन्या प्रकारच्या गॅस्केटसारखा खरखरीत चालत नाही, ०.८ मायक्रॉन आरए (खरखरीतपणाचं माप) किंवा त्याहून गुळगुळीत लागतो. ते दुकानदाराला आधीच विचारा, काम झाल्यावर नाही.

मायक्रोमीटर:
याची बेरीज: चेंबर २९.२, खळगा ४.८, गॅस्केट ४.०८, डेक ०.२२, रिंगवरची फट ०.२५. एकूण ३८.५५, रेशो ९.५४. हेडला हातही न लावता.

आता हेड. चेंबरचं तोंड ग्राफ पेपरवर उतरवा, कार्बनचा हात फिरवून ठसा घ्या आणि चौकोन मोजा. समजा ३५ चौरस सेंमी आलं, तर दर ०.१ मिमीला ०.३५ सीसी. ०.२० मारलंत की ०.७ सीसी गेले, रेशो ९.७, तुमच्या कॅमला डायनॅमिक ८.०४. मी इथेच थांबेन. १०.० साठी अर्ध्या मिमीहून जास्त मारावं लागेल, आणि पुढे कधी गॅस्केट फुटून हेड वाकलं तर पुन्हा घासायला धातू उरत नाही.

हेड एकूण खाली येणार: ब्लॉकचे ०.२५, गॅस्केटचे ०.३०, हेडचे ०.२०, म्हणजे ०.७५ मिमी. तेवढा टायमिंग बेल्टचा ताणाकडचा भाग आखूड होतो आणि कॅम मागे पडतो. कॅम पुलीची त्रिज्या ५० मिमी धरली तर कॅमवर ०.८६ अंश, क्रँकवर १.७. ॲडजस्टेबल पुली लावा आणि डिग्री व्हीलने (क्रँकवर लावायच्या अंशांच्या चकतीने) कॅम पुन्हा कार्डावरच्या अंशांवर आणा. तेवढेच ०.७५ मिमी व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या मधूनही गेलेत. प्लॅस्टिसिन पिस्टनवर लावा, त्याला तेलाचा हात द्या, जुनं दाबलेलं गॅस्केट नको, नवंच घालून हेड टॉर्कने आवळा, हाताने क्रँकचे दोन फेरे, उघडा, ब्लेडने कापून जाडी मोजा. इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २.० मिमीपेक्षा कमी नको.

घाटवाट_१३:
बोअरचे आकडेही सांगून टाका. पिस्टन फोर्ज्ड आहेत, दुकानदार म्हणतो 'स्टँडर्डसारखंच फिट करा'.

जुनं_लेथ:
दुकानदाराचं ऐकलंत तर पहिल्याच घाटात जाम होतील. कास्ट पिस्टनला बोअरमध्ये दोन ते चार शतांश मिमी फट पुरते. फोर्ज्डमध्ये ४०३२ मिश्रधातू असेल तर चार-पाच शतांश, २६१८ असेल तर सहा ते आठ. ते गरम झाल्यावर जास्त फुगतं. पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावर आकडा आणि स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर) कुठे मोजायचं ती उंची, दोन्ही असतात. कागद नसेल तर पिस्टन परत करा.

बोअरिंग चारही पिस्टन समोर ठेवून, होनिंग (शेवटची बारीक घासाई) टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बसणारी जाड प्लेट) आवळून. हेड बोल्ट आवळले की लायनरचं वर्तुळ बिघडतं, म्हणून आवळलेल्या स्थितीतच गोल करायचं. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं. रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) वरच्या रिंगला बोअरच्या दर मिमीला ०.००४५, म्हणजे ०.३३ मिमी, दुसरीला ०.३७. रिंग पिस्टनने ढकलून चौरस बसवा, मगच फिलर घाला. गॅप थोडा जास्त झाला तर फारसं बिघडत नाही, कमी पडला तर टोकं भिडतात आणि रिंग लँड फुटतो.

लॅम्ब्डा_०८८:
ट्यूनिंगचं एक, कारण गाडी पुण्याची आहे. पुणं साडेपाचशे मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहाएक टक्के कमी. तिथे डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) नॉकच्या काठापर्यंत ओढलेला इग्निशन मॅप ताम्हिणी उतरून माणगावला गेला की काठ ओलांडतो: दाब जास्त, हवा गरम. पीक टॉर्कच्या आसपास २-३ अंश मागे ठेवा, आणि इनटेक हवेचं तापमान वाढलं की इग्निशन आपोआप मागे जाईल असा तक्ता भरा. फुल थ्रॉटलला लॅम्ब्डा (खरी हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा) ०.८७ च्या आसपास. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला पूर्ण ज्वलनाचं हवा-इंधन प्रमाण १३.५ च्या जवळ आहे, १४.७ नाही, मीटर जुन्या एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यात वाचत बसू नका, लॅम्ब्डात वाचा. प्लग एक पायरी थंड. पहिल्या जोरदार फेरीनंतर प्लग काढून भिंगाखाली चिनीमातीवर बघा. मिरपुडीच्या कणांसारखे काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर ते नॉकचं लक्षण, आणि चकचकीत असतील तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे.

घाटवाट_१३:
मशीन शॉपसाठी चिठ्ठी लिहिली: ब्लॉक क्रँकला समांतर, पिस्टन ०.०५ खाली. बोअर पिस्टनच्या कागदाप्रमाणे, टॉर्क प्लेटवर. हेड ०.२०. चालेल?

जुनं_लेथ:
हेडची ओळ खोडा. आधी ब्लॉक होऊन येऊ द्या. मग नवं गॅस्केट घालून हेड आवळा, आत पिस्टनवर पिनच्या रेषेत दोन बाजूंना २ मिमी सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवा, क्रँक फिरवा, चपटी तार मायक्रोमीटरने मोजा. ०.९५ आलं तर हेडला ०.२० मारा. ०.८५ आलं तर गॅस्केट सांगितल्यापेक्षा जास्त दबतंय. मग हेडला ०.१० पुरे, आणि बेरीज पुन्हा मांडा.