बाबा लेस्टरला येताहेत, घरी स्काय नाही. फॉर्म्युला वन मोफत कुठं बघता येईल?

करवीरकर (१८ मे २०२५)

नमस्कार मंडळी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा कोल्हापूरहून आमच्याकडं इंग्लंडला येताहेत, ऑगस्टअखेरपर्यंत राहतील. वय ७४. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये नोकरी झाली. घरात केबल आली तेव्हापासून स्टार स्पोर्ट्सवर रेस बघताहेत, कॉमेंटेटर स्टीव्ह स्लेटरचा आवाज आला की आम्ही पोरं गप्प बसायचो. २००५ ला नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमच्या गाडीतून उतरला त्या वर्षीच्या पेपरातल्या कात्रणांची वही अजून त्यांच्या कपाटात आहे. २०१२ ला ग्रेटर नोएडाला रेस बघायला स्वतः जाऊन आले.

२०२२ नंतर भारतात टीव्हीवरून रेस गेली आणि ॲपवर आली. तेव्हापासून त्यांचं बघणं जवळजवळ बंदच आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोनच्या पडद्यावर त्यांना गाड्यांचे रंग ओळखू येत नाहीत. माझी इच्छा एवढीच आहे की इथं त्यांना मोठ्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून रेस बघायला मिळावी. पण घरी स्काय (इथं रेस लाइव्ह दाखवणारी, पैसे भरून घ्यायची टीव्ही सेवा) नाही, आणि अडीच महिन्यांसाठी वर्षाचा करार परवडणार नाही. छपरावर जुना अँटेना आहे, तो चालतो का तेही बघितलेलं नाही. इथं फुकट नक्की काय दिसतं?

पिटलेन_पुणेकर

नाऊचा, म्हणजे स्कायच्याच इंटरनेट सेवेचा, एक दिवसाचा पास घ्या. ज्या रविवारी लाइव्ह बघायचंय त्या रविवारचे पैसे भरायचे, विषय संपला.

काकू_नॉर्थॅम्प्टन

पास आहेच, पण त्यांनी मोफत काय ते विचारलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी अँटेनाची वायर टीव्हीला जोडा आणि चॅनेल पुन्हा ट्यून करा. चॅनेल फोर दिसलं की निम्मं काम झालं. प्रत्येक क्वालिफाइंगचे (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणारी फेरी) आणि प्रत्येक रेसचे हायलाइट्स तिथं येतात. कॉमेंट्रीला ॲलेक्स जॅक्स आणि डेव्हिड कूल्टहार्ड असतात. युरोपातली रेस असली तर त्याच दिवशी संध्याकाळी लागतात, कॅनडाची मात्र फार रात्री. त्या रविवारी बाबांना जागवू नका, दुसऱ्या दिवशी चॅनेल फोरच्या ॲपवर लावा. टीव्हीवरच ॲप असतं, खातं उघडायला पैसे लागत नाहीत.

आणि ६ जुलै कॅलेंडरवर लिहून ठेवा. सिल्व्हरस्टोनची ब्रिटिश ग्रां प्री चॅनेल फोरवर पूर्ण लाइव्ह असते, दुपारी तीनला सुरू. वर्षात ही एकच.

लायसन्सचं नीट समजून घ्या, इथं बरेच जण चुकतात. कुठलंही चॅनेल लाइव्ह बघायचं तर टीव्ही लायसन्स लागतं, एप्रिल २०२५ मध्ये ते १७४.५० पाउंड झालं. बीबीसी बघत नसलात तरी लागतं. चॅनेल फोरच्या ॲपवर कार्यक्रम नंतर बघायला मात्र लागत नाही.

आता थोडं माझं. मी २००० साली लग्न होऊन इथं आले. आम्ही एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. रविवारी दुपारी ती मला खाली हॉलमध्ये बोलवायची. आयटीव्हीवर रेस, हातात विणकाम. शेवटच्या दहा फेऱ्या राहिल्या की सुया मांडीवर ठेवायची आणि मग बोलायचं नाही. मला तेव्हा इंग्रजी धड कळत नव्हतं, पण कॉमेंटेटर मरे वॉकरचा आवाज चढला की काहीतरी घडलंय हे समजायचं, आणि मग ती मला बोटानं दाखवायची: हा पुढं गेला, हा पिटमध्ये आला. २००१ ला इंडियानापोलिसला मरेच्या कॉमेंट्रीची शेवटची रेस झाली, त्या दिवशी तिनं टीव्ही बंद केला नाही, नुसता आवाज कमी करून बसून राहिली. २००८ ला ब्राझीलमध्ये इंटरलागोसच्या शेवटच्या वळणावर हॅमिल्टननं ग्लॉकला गाठलं आणि एका गुणानं विजेतेपद घेतलं, तेव्हा आम्ही दोघी उभ्या होतो. तोवर आम्ही आमच्या घरी राहायला गेलो होतो, पण रेसला मी तिच्याकडेच जायची.

पुढच्या वर्षी रेस बीबीसीवर आली, मध्ये जाहिराती नाहीत, फार सुख होतं ते. मग २०१२ ला स्काय आलं. वीसपैकी दहाच रेस बीबीसीवर लाइव्ह राहिल्या. ती पेन्शनवर होती, स्कायचे पैसे कुठून भरणार? उरलेल्या दहा तिनं स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकल्या, ट्रॅकचा नकाशा वर्तमानपत्रातून कापून टेबलावर ठेवायची आणि गाडी कुठं असेल तिथं बोट फिरवायची. २०१६ ला चॅनेल फोर आलं, निम्म्या रेस पुन्हा लाइव्ह, रेस चालू असताना जाहिरात नाही. २०१९ पासून तेही गेलं, हायलाइट्स आणि सिल्व्हरस्टोन उरलं.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. इथं मोफत दाखवायच्या खेळांची सरकारी यादी आहे. त्यात घोड्यांची ग्रँड नॅशनल आहे, विंबल्डनची फायनल आहे, पण ब्रिटिश ग्रां प्री नाही. आज ती लाइव्ह दिसते ती दोन वाहिन्यांमधल्या करारामुळं, कायद्यानं नव्हे. यादीत असायला हवी असं मी आमच्या खासदारांना दोनदा लिहिलंय, तिसऱ्यांदाही लिहीन.

इंगोलश्टाटकर

जर्मनीतही तेच झालं. आरटीएलवर १९९१ पासून सगळं मोफत होतं, शूमाकरची सगळी विजेतेपदं लोकांनी तिथंच पाहिली. २०२० नंतर स्कायकडं गेलं, आता आरटीएलवर मोजक्या रेस येतात. शेजारी ऑस्ट्रियात मात्र ओआरएफ आणि सर्व्हस टीव्ही या दोन मोफत वाहिन्या आपसात रेस वाटून घेतात. माझा एक सहकारी रेसच्या रविवारी सीमेपलीकडं सासुरवाडीला जातो.

करवीरकर

काकू, किती मनापासून लिहिलंत. अँटेना लावला, चॅनेल फोर स्वच्छ दिसतंय. लायसन्स आहे आमच्याकडं. एक अडचण राहते: हायलाइट्स लागायच्या आधीच निकाल कळला तर?

काकू_नॉर्थॅम्प्टन

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजच सांगून ठेवा, रविवारी कोणी निकाल टाकायचा नाही. बातम्या लावू नका. आमच्याकडं पोरांना हा नियम लहानपणापासून आहे.

आणि फॉर्म्युला वनवरच थांबू नका. ब्रिटिश टूरिंग कार, म्हणजे बीटीसीसी, आयटीव्ही फोरवर रविवारी दिवसभर लाइव्ह असते आणि मोफत असते. एका दिवसात तीन रेस. गाड्या रस्त्यावर दिसतात तशाच, आणि दाराला दार घासत जातात. पॅटर्न शॉपमधल्या माणसाला आवडेल. ऑगस्टमध्ये ती डॉनिंग्टन पार्कला आहे, तुमच्यापासून फार लांब नाही.

करवीरकर (७ जुलै २०२५)

काल बघितली. सगळ्यांना सांगायलाच हवं.

बाबा अडीचलाच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पाऊस, सेफ्टी कार, गाड्या घसरताहेत. हुल्केनबर्ग १९ व्या जागेवरून सुटला होता. निम्मी रेस झाली आणि तो चौथा! बाबा सरळ बसले. म्हणाले, "ह्यो आपल्या फोर्स इंडियातला की रे!" पुढं स्ट्रोल, त्याची गाडी ॲस्टन मार्टिनची. बाबांनी मला सांगितलं की ही तीच टीम: जॉर्डनची फोर्स इंडिया झाली आणि तिचीच पुढं ॲस्टन मार्टिन. कारखाना इथंच, सिल्व्हरस्टोनच्या दारात. मला हे माहीतच नव्हतं. हुल्केनबर्गनं स्ट्रोलला मागं टाकलं आणि मागून हॅमिल्टन येऊ लागला, तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. २३९ वी रेस आणि पहिलं पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत यायची पहिलीच वेळ. जिंकला नॉरिस, पण आमच्या घरात कोणी त्याच्याकडं बघत नव्हतं. हुल्केनबर्गनं तो लेगोचा कप वर उचलला तेव्हा बाबा उभे राहून टाळ्या वाजवत होते.

रात्री कोल्हापूरला आईला फोन करून त्यांनी पहिल्या फेरीपासून सगळं सांगितलं. आता त्यांना डॉनिंग्टनला जायचंय. काकू, कुठं उभं राहू?

काकू_नॉर्थॅम्प्टन

वाचून डोळे भरले हो. बाबांना नमस्कार सांगा.

क्रेनर कर्व्हजला जा. उतार आहे, गाड्या वरून खाली येताना लांबून दिसतात, चष्म्याची अडचण होणार नाही. १९९३ ला इथल्याच फॉर्म्युला वन रेसमध्ये पावसात सेन्ना पहिल्या फेरीत पाचव्यावरून पहिला आला, त्यात वेंडलिंगरला त्यानं तिथंच गाठलं होतं. बाबांना हे माहीत असेल, पण जागा दाखवा. घडीची खुर्ची आणि रेनकोट घ्या, चहाचा थर्मास मी आणते.