मदत हवी आहे: स्टेजच्या टॅननंतर भावाच्या अंगावर गांधी उठल्या आहेत

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो. धाकट्या भावाची रविवारी शरीरसौष्ठव स्पर्धा होती. आदल्या रात्री तिथेच फवाऱ्याने टॅन (अंग तपकिरी दिसावं म्हणून लावतात तो रंग) मारून घेतला. पहाटे मानेवर, कोपराच्या लवणीत आणि चड्डीच्या इलॅस्टिकखाली लाल गांधी, नुसती आग आग. तरी तो स्टेजवर गेलाच! घामाने आणखी चिघळलं.

डॉक्टरांनी ॲलर्जीची गोळी आणि लावायला मलम दिलंय. श्वास लागला किंवा ओठ-डोळे सुजले तर रात्री-अपरात्रीही दवाखाना गाठा, असं बजावलंय. सूज उतरतेय, पण खाज थांबत नाही. काल तर चादरीवर तपकिरी डागांसोबत रक्ताचे ठिपके दिसले, झोपेत खाजवतो बिचारा.

आई बेसन-हळदीचं उटणं लावून रंग काढू म्हणते. मी अडवलंय. रंग डायहायड्रॉक्सीॲसिटोन या रसायनाचा, तो त्वचेच्या वरच्या मृत थरातच चढतो आणि आठवडाभरात आपसूक उतरतो. सोलवटलेल्या कातडीवर घासणं मला पटत नाही.

विचारायचं असं: खाज शमवायला थंड पाण्याच्या घड्यांखेरीज तुमच्याकडे काय लागू पडलं? त्रास मूळ रसायनाचा की त्यातल्या सुगंधाचा, प्रिझर्व्हेटिव्हचा, हे कळायला पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करणारे त्वचारोगतज्ज्ञ बडोद्यात कुणाला माहीत आहेत का? बाटलीच्या लेबलचा फोटो जपून ठेवलाय. पुढच्या महिन्यात त्याची आणखी एक स्पर्धा आहे, आणि तो ऐकणारा नाही.