अ‍ॅनी ओकलीचा फोटो आणि कात्रणं कशी जपायची?

भुईकोट: सोलापुरात आमच्या वाचनालयात अमेरिकन नेमबाज अ‍ॅनी ओकलीचा कोपरा करतोय. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला तिचा एक जुना स्टुडिओ फोटो आहे आणि १९०३ व १९२६ची नऊ इंग्रजी कात्रणं. कात्रणं हात लावला की तुटतात. लॅमिनेट करू का? कपाटाशेजारच्याच खिडकीत कूलर आहे.

जुनीपानं: लॅमिनेशन अजिबात नको. एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही, आणि कागदातलं आम्ल आतच कोंडतं. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, म्हणूनच पिवळा पडून तुटतो. प्रत्येक कात्रण आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा, वर पॉलिएस्टरचं पाकीट. पीव्हीसीचं नको, उन्हाळ्यात चिकट होतं. सेलोटेप आणि डांबरगोळ्याही नकोत.

आधी कूलर हलवा. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठणठणीत. दिवसभर कूलरची ओल, रात्री पुन्हा कोरडं. फोटोचा पातळ थर आणि पुठ्ठा सारखे आक्रसत नाहीत, त्यामुळे कार्ड वाकतं. ते हाताने दाबून सरळ करू नका, चेहऱ्यावरूनच चीर जाते.

छर्रा: दोन्ही बाजू ६०० डीपीआयला टिफ फाइलमध्ये स्कॅन करा. मागे स्टुडिओचा छाप असला तर काळ ठरवायला उपयोगी पडतो. भिंतीवर प्रत लावा, मूळ कार्ड कपाटात.

१९०३ची कात्रणं मात्र नीट वाचून लावा. त्या ऑगस्टमध्ये वृत्तपत्रमालक हर्स्टच्या शिकागोतल्या वृत्तपत्रांनी छापलं की कोकेनसाठी चोरी करताना ती पकडली गेली, आणि बातमी देशभर गेली. पकडलेली बाई भलतीच होती. अ‍ॅनीने ५५ दावे लावले, ५४ जिंकले. ती बातमी एकटी टांगलीत तर तिच्यावरचा खोटा आळ सोलापुरात नव्याने पसरेल. निकाल त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात हवा.

पाटीवर जन्म १३ ऑगस्ट १८६०, डार्क काउंटी, ओहायो असं लिहा. १८६६ हे साल तिच्या नेमबाजीच्या खेळांच्या जाहिरातींमुळे रूढ झालं. निधन ३ नोव्हेंबर १९२६, ग्रीनव्हिल. तिच्या वस्तू तिथल्याच गार्स्ट म्युझियममध्ये आहेत.

भुईकोट: कूलर आजच हलवतो. घडी पडलेली कात्रणं उलगडायची कशी?

जुनीपानं: कोरडी असताना उलगडू नका. आधी ओलसर कापसाचं टोक शाईच्या एका ठिपक्याला टेकवा. रंग उतरला तर तिथेच थांबा. नाहीतर झाकणाच्या डब्यात तळाशी ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर कात्रण. दर अर्ध्या तासाने बघा. कागद नरम पडला की उलगडून दोन टिपकागदांमध्ये ठेवा, वर काच आणि वजन, रात्रभर. डब्यात विसरलात तर बुरशी धरेल.